मावशींचे संस्कृत आणि तुमचे घड्याळ

श्रीयुत मेव्हणेबुवा, बंद घड्याळांचे धन्वंतरी आणि चालत्या घड्याळांचे कर्दनकाळ, यांना त्यांच्या एकुलत्या एका भगिनीपतीचा दोन्ही हात जोडून आणि एक भुवई वर करून नमस्कार.

तुमची मान आता कशी आहे? दिवसभर डोळ्यात भिंग खोचून तिळाएवढ्या चाकांकडे बघत बसणाऱ्याची मान धरली नाही तरच नवल. पण ती धरली की तुम्ही गिऱ्हाइकाशी तिरके बोलता, आणि तिरके बोलणाऱ्याकडे लोक घड्याळ टाकत नाहीत, म्हणून विचारतो. वहिनींचा गुडघा? दुकानासमोर खणून ठेवलेला रस्ता बुजवला का? आणि तुमचा भाचा सुटीच्या दिवशी येतो ना अजून दुकानात? कसा दिसतो? जेवतो का पोटभर? नीट बोलतो का? (या शेवटच्या प्रश्नांची उत्तरे लगेच द्यायची नाहीत. आधी पत्र पुरते वाचायचे. तुम्हाला कोणत्याही पत्राचे शेवटचे पान आधी वाचायची खोड आहे, हे तुमच्या ताईने मला लग्नाआधीच सांगून ठेवले होते.)

आता मुख्य विषय, म्हणजे तक्रार. आमच्या बैठकीच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ तुम्ही दुरुस्त करून परत पाठवलेत, त्याबद्दल आभार मानावेत असा माझा विचार होता. तो मी सोडून दिला आहे. पूर्वी हे घड्याळ ठोके द्यायचे ते एखाद्या भिडस्त पाहुण्याने दाराबाहेर उभे राहून खाकरावे तसे. बाराला कधीकधी नऊच ठोके पडायचे, पण त्यात एक नम्रता होती. तुम्ही त्याच्या पोटात काय घातलेत कोण जाणे. आता ते ठोके देत नाही, निकाल देते. भर दुपारी ते सुरू झाले की खालच्या मजल्यावरचे शिंपी दचकून कापड तिरके कापतात (माझ्या नव्या सदऱ्याची एक बाही याच कारणाने आखूड झाली, असा त्यांचा खुलासा आहे, मी तो सदरा घालून एक हात खिशात ठेवून हिंडतो). माझ्याकडे संस्कृतच्या शिकवणीला येणाऱ्या मुली तोंडाशी आलेले रूप विसरतात. तुमची ताई हातात जे असेल ते सोडून देते आणि मग तुमचे नाव घेते. सबंध इमारतीत एकच व्यक्ती अशी आहे की जिच्यावर या गडगडाटाचा तिळमात्र परिणाम होत नाही, आणि तिची गादी नेमकी घड्याळाच्या खाली आहे. ती व्यक्ती म्हणजे मावशी.

मावशींना तुम्ही अजून पाहिलेले नाही, तेव्हा रीतसर परिचय करून देतो. मावशी म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेल्या कुत्रीबाई. पलटणीतल्या पोरांनी त्यांचे हे नाव ठेवले, कारण त्या सगळ्यांच्या पुढे चालायच्या आणि कुठे पाय टाकायचा नाही ते सांगायच्या. जमिनीत पुरलेले सुरुंग वासाने हुडकणे हे त्यांचे काम, आणि त्यांची दोरी धरून मागे चालणे हे तुमच्या भाच्याचे. आता आपल्या मुलाची जी मावशी, ती शास्त्राने माझी मेव्हणी. आणि माझी मेव्हणी ती तुमची सख्खी बहीण. हा नातेसंबंध मी तुमच्या ताईला उलगडून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "चला, माहेरचं एक तरी माणूस धड निघालं." (मी फक्त निरोप पोचवतो आहे.) मेव्हणीला एकेरीत हाक मारायची माझी छाती नसल्यामुळे मी मावशींना अहो-जाहो करतो. तुमची ताई सरळ "अगं" म्हणते. मावशी आम्हां दोघांकडेही सारख्याच शांतपणे दुर्लक्ष करतात.

त्या आमच्याकडे कशा आल्या, तेही तुम्हाला तुकड्यातुकड्यानेच माहीत असेल. मागच्या थंडीत एका कच्च्या रस्त्यावर मावशींनी एक सुरुंग शोधला आणि शिस्तीप्रमाणे त्याच्यापुढे बसल्या. तो सापडला. पण रस्त्याच्या कडेला दुसरा होता, तो सापडायच्या आधीच उडाला. मावशींच्या मागच्या पायात कपची घुसली. तुमचा भाचा दोरीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने फोनवर सांगितले, "बाबा, मला काही नाही झालं. नुसती धूळ." पाय अधू झाला म्हणून मावशींना निवृत्ती मिळाली. भाच्याने वरिष्ठांच्या मागे हात धुऊन लागून त्यांना आमच्याकडे धाडले, आणि तुमच्या गावाजवळच्या छावणीत बदली होऊन त्याच्या हातात नवी दोरी अन् दोरीला नवे, तरुण कुत्रे आले. मावशींची जुनी दोरी त्याने त्यांच्याबरोबर पाठवून दिली. ती आमच्या दारामागच्या खुंटीला छत्रीशेजारी टांगली आहे. 'नुसती धूळ' हे वाक्यही आम्ही तिथेच टांगून ठेवले आहे. जाता-येता बघतो.

निवृत्त सैनिकाची निगा राखणे हे वाटते तितके सोपे नाही, मेव्हणेबुवा. रोज अंग विंचरायचे, बाहेरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने पुसायचे, अधू पायाला तेल चोळायचे, कान कापसाने स्वच्छ ठेवायचे, नखे वाढू द्यायची नाहीत, वजन त्याहून नाही. शिवाय दात घासायचे. पहिल्या दिवशी मी ब्रश घेऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकले. मावशींनी तोंड उघडले, ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, किंचित चावून पाहिला, आणि एखादा साहेब सही न करता अर्ज परत करतो तसा माझ्या मांडीवर ठेवला. तुमची ताई दारात उभी राहून हा सोहळा बघत होती. म्हणाली, "माझी इतकी निगा कुणी राखली असती ना, तर मीसुद्धा सुरुंग शोधले असते." (मी म्हणालो, तू शोधतेसच, आणि त्यांच्यावर मला बसवतेस. त्या दिवशी चहा फार उशिरा मिळाला.)

मी काळजीखोर माणूस नाही, असा माझा स्वतःविषयी इतकी वर्षे समज होता. मावशी आल्या आणि तो फिटला. त्या शिंकल्या की मी त्यांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे. जेवण ताटलीत उरले की डॉक्टरांकडे. जेवण उरले नाही तरी डॉक्टरांकडे, की भूक अशी एकाएकी वाढावी का. हे डॉक्टर म्हणजे एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ; त्यांच्या बाकावर मांजरेसुद्धा गप्प बसतात. एकदा त्यांनी मला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन सांगितले, "मास्तर, कुत्र्यांना कधीकधी नुसतीच शिंक येते." मी ते लिहून घेतले.

आणि मग मला तो शोध लागला, ज्याच्यापायी पुढचे सगळे रामायण घडले. सैन्यात आज्ञा कोणत्या भाषेत देतात हे भाच्याला विचारायचे राहूनच गेले होते. मराठीत "बसा" म्हटले तर मावशी ढिम्म. स्वयंपाकघरातून तुमच्या ताईने "अगं ये, जेवायला ये" करून घसा बसवला तरी ढिम्म. आम्ही आपले ठरवून टाकले की या बाई वरिष्ठांखेरीज कुणाचे ऐकत नसाव्यात. एका दुपारी मी मुलींना आज्ञार्थ शिकवत होतो. (मी शिकवताना हात फार हलवतो. तुमच्या साखरपुड्यात मी तुमच्या सासऱ्यांना काही समजावून सांगत असताना सरबताचे काय झाले, ते तुम्हाला आठवत असेल.) मी म्हणालो "उपविश", आणि मावशी गादीवरून उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि बसल्या. मी म्हणालो "उत्तिष्ठ". उभ्या. "आगच्छ". आल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मला गहिवरून आले. सबंध नोकरीत इतका तत्पर विद्यार्थी मला मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी नात्याचा मान राखून मी आदरार्थी रूप वापरले, "उपविशतु भवती". त्यालाही बसल्या! मी तुमच्या ताईला म्हणालो, संस्कार म्हणतात ते हे. ती म्हणाली, "कुणाचे? येऊन महिना नाही झाला तिला." मी म्हणालो, पूर्वजन्मीचे. झाले! मी शाळेत सांगितले, वाचनालयात सांगितले, खाली शिंप्यांना सांगितले. शिंपी दातात टाचणी धरून म्हणाले, "मास्तर, मी शाळेत होतो तेव्हा हाच विषय घेतला होता. मला नाही आलं अजून."

"तुम्ही तिच्याइतकं लक्ष देऊन ऐकलं नसेल," मी म्हणालो. हे माझे वाक्य आता आठवले की हातातला घास मी ताटात परत ठेवतो.

हा बोभाटा आमच्या प्राणिमित्र मंडळाच्या अध्यक्षीणबाईंपर्यंत गेला. त्या तेव्हा 'सैन्यात सेवा केलेल्या प्राण्यांचा गौरव व पाळीव प्राण्यांच्या निगेचे शिबिर' अशा जोडकार्यक्रमाच्या तयारीत होत्या. म्हणजे वर व्यासपीठावर पदके, खाली टेबलांवर नखे काढणे आणि कान साफ करणे, तेही फुकट. सत्कारमूर्ती तीन. एक आपल्या मावशी. दुसरे, पलटणीचे सामान उभा जन्म डोंगरांवर वाहून निवृत्त झालेले एक खेचर. तिसरे एक कबुतर. त्याने कधीकाळी लष्करी निरोप पोचवले असे त्याच्या मालकाचे म्हणणे होते (कबुतराने स्वतः या बाबतीत मौन पाळले होते). मानपत्रे लिहायचे काम अर्थातच माझ्याकडे आले, आणि त्याबरोबर मावशींच्या संस्कृतचे जाहीर प्रात्यक्षिकही.

कार्यक्रम ठरला त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण बाईंना ढोल हवा होता. मी विचार केला, स्फोटातून गेलेले जनावर ते. डोक्यावर ढोल वाजला तर बिचारे काय करील? पळेल? चावेल? थरथरेल? मी बाईंच्या घरी जाऊन हात जोडले, म्हणालो वाद्ये नकोत. त्या त्यांच्या मुठीएवढ्या कुत्र्याला (त्याला त्या 'राजे' म्हणतात) लोकरीचे जाकीट घालत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, सैनिकांचा सत्कार आणि ढोल नाही? मग तो वाढदिवस झाला." शेवटी तडजोड झाली: एकच ढोल, तोही अगदी शेवटी, आणि हळू. मी ढोलवाल्याला दोनदा भेटून 'हळू' या शब्दाचा अर्थ समजावला. कापसाचे बोळे खिशात घेतले, मावशींच्या कानात घालायला. हे बोळे लक्षात ठेवा, मेव्हणेबुवा. ते अजून माझ्या त्या आखूड बाहीच्या सदऱ्याच्या खिशात आहेत.

सुरुवात खेचरापासून झाली. त्याला पुष्पगुच्छ दिला, तो त्याने खाल्ला. पदक गळ्यात घातले, ते त्याने हुंगून सोडून दिले. मग मी मानपत्र वाचायला उघडले. आठवडाभर खपून लिहिलेला मजकूर, समासांनी गच्च भरलेला. पहिली ओळ वाचून मी दम घ्यायला थांबलो तेवढ्यात खेचराने ते माझ्या हातातून ओढले आणि शेवटच्या समासासकट फस्त केले. माझे लिखाण इतक्या आपुलकीने आजवर कुणी आत्मसात केले नव्हते. लोक हसले, मीही हसलो, पण माझे डोळे ढोलवाल्यावर होते.

मग मावशी. मी एका हातात ध्वनिक्षेपक घेतला, दुसऱ्या हातात त्यांची दोरी आणि उरलेली मानपत्रे (खेचराच्या आवाक्याबाहेर, वर धरलेली). दोन्ही हात अडकलेले. घसा खाकरून म्हणालो, "उपविशतु भवती." मावशी कबुतराकडे बघत होत्या. पुन्हा म्हणालो. मावशी कबुतराकडेच. तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने म्हणालो की पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई बसल्या. गर्दीतून शिंप्यांचा आवाज आला, "मास्तर, अवघड रूपं विचारू नका, सोपं विचारा! परीक्षेला घाबरली असेल!" सगळे मैदान हसले. आणि ढोलवाल्याला वाटले, आता हसले म्हणजे संपलेच. त्याने मावशींच्या पाठीमागे येऊन, अंगात होते नव्हते तेवढे बळ एकवटून ढोलावर टोला हाणला. त्याच क्षणी कर्णे असे किंचाळले की काय सांगू.

राजे जाकिटासकट पुष्पगुच्छांच्या टोपलीत शिरले. अध्यक्षीणबाई टेबलाखाली गेल्या. कबुतराने कुणाचाही निरोप न घेता सभात्याग केला. खेचर मंडपाचा एक खांब बरोबर घेऊन निघाले. मी हातातले सगळे टाकून मावशींच्या गळ्याला मिठी मारली, डोळे मिटले, आणि त्यांच्या थरथरण्याची वाट पाहू लागलो.

मावशी थरथरल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, ते या भल्या माणसाला मधूनच काय झाले, अशा नजरेने. मग जांभई दिली.

टाळ्या! अहो, काय टाळ्या! बाई टेबलाखालून बाहेर येत म्हणाल्या, "याला म्हणतात धैर्य! जग उलथलं तरी हलली नाही! तुमचा तो शब्द काय मास्तर, स्थितप्रज्ञ!" मावशींच्या गळ्यात पदक पडले. लोक उभे राहिले. तुमची ताई पदराने डोळे पुसत होती. माझी छाती फुगली, ती फुगलेली असतानाच माझी नजर खाली डॉक्टरांच्या टेबलाकडे गेली. डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हते. त्यांच्या एका हातात मांजराचा पंजा होता, दुसऱ्यात नखे काढायची कात्री, आणि ते मावशींकडे बघत होते.

ते वर आले. मावशींच्या पाठीमागे उभे राहून त्यांनी दोनदा टाळी वाजवली. काही नाही. मग अवजारांचा स्टीलचा ट्रे फळ्यांवर सोडून दिला. (अध्यक्षीणबाई पुन्हा टेबलाखाली.) काही नाही. मग ते पुढे आले, तोंडातून अवाक्षर न काढता उजवा तळवा अलगद खाली नेला. मावशी बसल्या.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हिला ऐकू येत नाही. अजिबात नाही."

"पण तिला संस्कृत..."

"संस्कृत नव्हे हो. ती तुमचे हात वाचते."

मी म्हणालो, असे कसे होईल, सैन्यातल्या लोकांना कळले नसते का? ते म्हणाले, "कामाच्या वेळी सगळं खुणांवर चालतं त्यांचं, आवाज करायचाच नसतो. काम चोख होत असेल तर कुणाला शंका येणार? पाय लंगडतो तो दिसतो. कान दिसत नाही." मग ते मावशींचा एक कान उलटून आत बघत, सहज बोलावे तसे बोलले, "त्या स्फोटाचंच हे. इतक्या जवळून झाल्यावर... तेव्हा दोरी कुणाच्या हातात होती?"

"आमच्या मुलाच्या," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कापूस घेतला आणि मावशींचे दोन्ही कान पुसले. मी ते सकाळीच पुसले होते. तरी त्यांनी ते बराच वेळ पुसले.

असो. तर मुद्दा असा, की घड्याळाचा आवाज सौम्य कसा करावा याचा उपाय उलट टपाली कळवावा, म्हणजे शिंप्यांच्या हातून माझा पुढचा सदरा तरी सम बाह्यांचा होईल. वहिनींना नमस्कार, दुकानातल्या समस्त लंबकांना आशीर्वाद.

तुमचा
भगिनीपती

ता. क. घड्याळाचा आवाज सौम्य करू नये. मी विचार बदलला आहे. हल्ली दुपारी बारा वाजायच्या सुमारास मी मावशींच्या गादीशेजारी खुर्ची टाकून बसतो आणि ठोके पडताना बघतो, एखादा कान तरी हलतो का. हलत नाही. पण बघायचे सोडवत नाही. आवाज कमी केलात तर उगीच वाटत राहील, की तो आवाजच कमी होता.

ता. क. (दुसरे) हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. याच्या उत्तरादाखल फोन करू नका. आमचा फोन बैठकीच्या खोलीत असतो आणि तुमच्या ताईला त्यातला तुमचा श्वाससुद्धा स्वयंपाकघरातून ऐकू येतो. तुमचा भाचा मध्ये सुटीवर येऊन गेला. लहानपणापासून ज्या मुलाने माझे बोलणे चालू असताना कधी मान वर केली नव्हती, तो या वेळी मी बोलू लागलो की माझ्या तोंडाकडे एकटक बघायचा. मला केवढे बरे वाटले! मी समजलो, सैन्याने वळण लावले, बापाविषयी आदर आला. रोज संध्याकाळी तो मावशींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि दोघे नुसत्या हातांनी बोलायची, तासन् तास, एक शब्द नाही. तुमची ताई आणि मी दारातून बघायचो आणि म्हणायचो, बघा दोघांचे कसे जमते.

आणि त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही ताईला हसत सांगितलेत, की भाचा दुपारी दुकानातल्या बाकावर आडवा झाला, तुमच्या भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांनी एकदम बारा वाजवले, आणि गड्याने कूससुद्धा बदलली नाही. फौजेने पोराला अगदी दगड करून सोडले. हाच मुलगा लहानपणी तुमच्याकडे राहायला आला की त्या टिकटिकीपायी उशी डोक्यावर घेऊन मामीच्या स्वयंपाकघरात झोपायला जायचा. तुमची ताई फोन ठेवून खूप हसली. मीही हसलो, कारण ती माझ्याकडे बघत होती.

ता. क. (तिसरे, आणि खरे) आता अहो-जाहो पुरे. तू ऐक. तो येत्या सुटीला दुकानात आला की त्याला काहीतरी बघायला दे, एखादे उघडे यंत्र, की ज्यात तो वाकून गुंतेल. मग त्याच्या पाठीमागे जा आणि बायकांच्या मनगटावरचे सगळ्यांत हळू टिकटिकणारे घड्याळ त्याच्या कानाजवळ धर. आधी एका, मग दुसऱ्या. त्याला कळले नाही तर त्याहून मोठे घे. तेही कळले नाही तर गजराचे. त्याला आधी सांगू नकोस. सांगितलेस तर तो म्हणेल धूळ आहे. त्याच्या साहेबांपर्यंत गेले तर हातातली दोरी काढून घेऊन त्याला कचेरीत बसवतील, याच भीतीने तो गप्प असणार. काम चोख करत असेल, मावशी करत होत्या तसेच. पुढचे कुत्रे त्याला दिसते, खुणा दिसतात. पण मागून कुणी "थांब" म्हणून ओरडले, तर ते खुणेने सांगता येत नाही रे. ते ऐकूच जावे लागते.

ता. क. (चौथे) तुझी ताई हल्ली त्याच्याशी फोनवर ओरडून बोलते. मी विचारले, एवढी ओरडतेस का, तर म्हणाली, "लाइन खराब आहे." लाइन चांगली आहे. परवा मी शाळेतून लवकर आलो तर तिने खुंटीवरची ती दोरी काढली होती. एक टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला बांधले होते आणि दुसरे हातात ताणून धरून ती उभी होती. दोरी ओट्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. मला बघून म्हणाली, कपडे वाळत घालायला पुरेल का ते बघत होते.

आत्ता हे लिहीत असताना ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, कुणाला? मी हात ठेवून मजकूर झाकला आणि म्हणालो, तुझ्या भावाला, घड्याळाची तक्रार. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, दोन्ही बाजूंनी नीट तपासून बघ." आणि आत गेली.

मला फार भीती वाटते आहे. जे असेल ते खरे लिही, आणि लवकर लिही.